वासाचा रकाना

४ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

तुझा पत्ता आत्याने दिला. देताना बजावलं, "दादा, रडगाणं लिहू नकोस. कामाचं काय ते लिही." तेव्हा कामाचंच लिहितो.

बाजारात एक नवं दुकान निघालं आहे, तब्येतीला चांगल्या अशा खाण्याच्या वस्तूंचं. दुकानदार पोरगेलासा आहे, जाड भिंगांचा चष्मा लावतो. आपलं तेल ठेवायला तयार झाला, पण म्हणतो, बाटलीच्या गळ्यात एक माहितीपत्रक अडकवा. त्यात दोन भाग हवेत. एक, भोपळ्याच्या बियांच्या तेलाचे पौष्टिक गुण. दुसरा, त्याचा सुगंध. "आजोबा, लोक आता वाचून खातात," म्हणाला. मी म्हटलं, "आमच्याकडे खाऊन झाल्यावरसुद्धा कुणी वाचत नसे." तो हसला नाही.

सुगंधाचा भाग मी लिहितो. त्यात मला कुणाची मदत नको. पौष्टिक भाग मात्र तू तपासून द्यावास. तू तेलं तपासण्याच्या प्रयोगशाळेत असतेस, यंत्रात थेंब सोडलास की कागदावर डोंगर उमटतात आणि त्या डोंगरांवरून तेलात काय काय आहे ते तू ओळखतेस, असं आत्या सांगत होती. लहानपणी बियांच्या पोत्यावर बसून पुढच्या दोन दातांनी कुटूकुटू बी सोलणारी आमची खार आता डोंगर वाचते, याची मला मौज वाटली.

माझा मसुदा असा आहे :

"हे तेल नव्हे, ही बाटलीत निजलेली हिरवी रात्र आहे. लोह आणि जस्त यांनी ठासून भरलेले, सांध्यांना वंगण, हृदयाला संजीवनी. थेंबभर घ्या आणि शंभर वर्षे जगा."

काय वाटतं ते कळव. इकडे सगळं ठीक आहे. घाण्याची कढई चालू आहे, जुने दोघे गडीही आहेत. भट्टीमामा जाळ बघतो, बुटकेकाका दाबयंत्र बघतो, दोघंही अजून एकमेकांना म्हातारा म्हणतात. आईची खोली मी तशीच ठेवली आहे, फक्त तिथे आता रिकाम्या बाटल्या ठेवतो.

सहा वर्षांत, आई गेली तो दिवस सोडला, तर आपण समोरासमोर आलो नाही. त्या दिवशीही तू मला एवढंच विचारलंस, "टॉवेल कुठे आहेत?" मी सांगितलं. तेवढं एक उत्तर तरी मला बरोबर देता आलं.

सोबत या मोसमाच्या पहिल्या भाजणीच्या तेलाची बाटली पाठवतो. घरात वापर. तळायला घेऊ नकोस, ते तुला सांगायला नकोच.

तुझा,
अण्णा


२६ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

तुझा लिफाफा मिळाला. घाईघाईने उघडला, आणि आत निघाला छापील तक्ता! वर "नमुना क्रमांक", खाली रकाने. आपल्या घरचं तेल, त्याला नमुना क्रमांक. असो. लिफाफा तर आला.

माझा मसुदा तू लाल पेनाने सोलून काढला आहेस. शाळेत आमचे कवितेचे मास्तर असेच करायचे. फक्त ते शेवटी एक शब्द तरी "बरा" म्हणून ठेवायचे. तुझी टिपणं मी पुन्हा उतरवतो, म्हणजे माझ्या नीट डोक्यात बसतील.

या तेलात निम्म्याच्या आसपास एक प्रकारचं आवश्यक स्निग्धाम्ल असतं, जे शरीराला स्वतः बनवता येत नाही. ई जीवनसत्त्व असतं. वनस्पतींमधली काही द्रव्यं असतात, ती आतड्यात कोलेस्टेरॉल शोषू देत नाहीत. पिवळी-हिरवी रंगद्रव्यं असतात, म्हणून तेल ताटलीत पातळ पसरलं की हिरवं आणि बाटलीत जाड थराने तांबडं-काळं दिसतं. उजेडात ठेवलं की बिघडतं. तापवलं की बिघडतं. आणि लोह-जस्त तेलात जवळजवळ नसतंच. ते बीमध्ये असतं, दाबल्यावर पेंडीत राहतं.

म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांना जस्त म्हणून जे सांगत आलो ते गुरं खात होती. भट्टीमामाला सांगितलं तर तो म्हणतो, "तरीच त्या गोठेवाल्याची म्हैस आपल्यापेक्षा तरतरीत आहे."

"संजीवनी" खोडून तू बाजूला लिहिलंस, "कुठलाही आजार बरा होतो असं लिहू नये." कबूल. "हिरवी रात्र" खोडलीस, त्याचं मात्र वाईट वाटलं.

आता सुगंधाचा भाग. तो मी असा लिहिला आहे, बघ :

"दळलेल्या बियांत पाणी-मीठ घालून मळलेला हिरवट गोळा कढईत पडला, की आधी ओल्या गवताचा वास येतो. मग उकडलेल्या वाटाण्याचा. पाणी आटू लागलं की वास मागे सरतो, नुसती वाफ उरते. मग वाटतं, लांब कुठेतरी कुणी पाव भाजतं आहे. त्या पावाचा हळूहळू अक्रोड होतो. आणि अक्रोडाच्या पाठोपाठ, जेमतेम दहा-बारा श्वास टिकणारा एक वास येतो, त्याला नाव नाही. त्या दहा-बारा श्वासांतच कढई उतरवायची. त्याच्या आधी तेल मुकं राहतं, त्याच्या नंतर कडू होतं."

कसं वाटलं? लिहिताना मी वर्गात उभा राहून कविता म्हणत असल्यासारखे डोळे मिटले होते. मास्तर म्हणायचे, पाठ झालेली कविता डोळे मिटून म्हणावी, म्हणजे ती दिसते. मला सगळं दिसत होतं. कढई, तुझे आजोबा, आणि कढईच्या कडेला पाटावर उभी राहून नाक वर केलेली तू.

आता तक्त्याच्या शेवटच्या रकान्याबद्दल. त्यात छापलं आहे "वास", आणि समोर दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात लिहिलं आहे, "जळका, कडवट. भाजणी प्रमाणाबाहेर." खाली तुझं अक्षर मी ओळखलं. "वासाची तपासणी आमच्याकडे दुसऱ्या ताई करतात. माझं नाक चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

वाटेत बाटलीला ऊन लागलं असेल. यंदा बीही जरा हलकं आलं आहे. दुसरी बाटली पाठवतो.

तुझा,
अण्णा


९ मार्च

चि. खारूताईस,

या वेळी तक्ताही नाही. नुसतं एक कार्ड आणि त्यावर एक वाक्य. "हल्ली कढई उतरवा असं कोण म्हणतं?"

मीच म्हणतो. दुसरं कोण म्हणणार? घाण्याचा मालक मी आहे.

या मोसमात जरा अडचण झाली आहे, ती सांगतो. भट्टीमामाला जीव काढणारा खोकला झाला आहे. डॉक्टरांनी त्याला धुरापुढे नाकातोंडाला फडकं बांधायला लावलं. आता त्याचे नुसते डोळे दिसतात. त्यामुळे माझी पंचाईत होते.

वरचं वाक्य वाचून तू विचारशील, भट्टीमामाने फडकं बांधलं तर तुमची कसली पंचाईत? विचार. मी ते खोडत नाही. आज तीन कागद फाडले आहेत आणि चौथ्यावर हे वाक्य आपसूक आलं आहे.

तुझी लहानपणीची वही सापडली. तू कढईच्या वासांची चित्रं काढायचीस. ओल्या गवताला हिरवी रेघ, वाटाण्याला ठिपके, पावाला तपकिरी ढग. शेवटच्या वासाला तू काहीच काढलेलं नाहीस, कागद कोरा सोडला आहेस आणि खाली लिहिलं आहेस, "हा काढता येत नाही." तेव्हा तू आठ-नऊ वर्षांची असशील. मी चौथीच्या कविता अजून म्हणू शकतो, पण असं एक वाक्य मला कधी सुचलं नाही.

पुढचं पुढच्या पत्रात लिहितो.

अण्णा


२१ मार्च

खारूताई,

हे पत्र मी सकाळी बसून लिहितो आहे, घाण्याला आज सुटी दिली आहे. कविता नाही, नाटक नाही. जे झालं ते क्रमाने लिहितो.

सात वर्षांपूर्वीच्या थंडीत मला तीन आठवडे ताप होता, आठवत असेल. तू डोक्यावर पट्ट्या ठेवायचीस. ताप उतरला आणि चौथ्या दिवशी आईने चहा दिला, तो मला कोमट पाण्यासारखा लागला. मी साबण हुंगला. रॉकेलचा बोळा हुंगला. मग कोठीत जाऊन जुन्या तेलाचं बूच काढून नाकाला लावलं. काही नाही. हवा. कुणाला बोललो नाही. वाटलं, येईल परत. अजून आलेलं नाही.

मोसम सुरू झाला. पहिल्या भाजणीला तू माझ्या शेजारी उभी होतीस. तू म्हणालीस, "अण्णा, झालं, उतरवा." मी म्हटलं, "थांब." तू पुन्हा म्हणालीस, "अण्णा, चाललाय तो." मी वाट बघत होतो गं. मला वाटत होतं, एवढा मोठा वास, तो तरी मला चुकवून जाणार नाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही असं नाही. मी माझ्या नाकाची वाट बघत उभा राहिलो आणि सगळी भाजणी करपली.

बाटल्या परत आल्या. गिऱ्हाइकं दारात उभी राहून बोलली. भट्टीमामा आणि बुटकेकाका माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणालो, "कढईवर ही होती."

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुला जे ठाऊक आहे ते खोटं आहे, म्हणून सगळं सांगावं लागेल.

आपल्या घाण्याची रीत तुझ्या आजोबांपासूनची. कढईवर उभं राहायचं असेल त्याचे डोळे बांधायचे आणि पुढे थेंबभर तेलाच्या तीन वाट्या ठेवायच्या. एकीत कमी भाजलेलं, एकीत नेमकं, एकीत जास्त. वाटीच्या बुडाला दोरा चिकटवलेला, नेमकीला एक, कमीला दोन, जास्तीला तीन. वाटी उलटून बघायचा मान मालकाचा. चुकेल त्याने त्या मोसमात कढईपाशी उभं राहायचं नाही. बाराव्या वर्षापासून तू या परीक्षेत एकदाही चुकली नव्हतीस.

त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वाट्या मांडा."

पहिल्यांदा तू मधली वाटी दाखवलीस. मी उचलून बघितली. एक दोरा होता. मी म्हणालो, "चूक."

वाट्या फिरवल्या. तू डावीकडची दाखवलीस. एक दोरा. मी म्हणालो, "चूक."

तिसऱ्यांदा तुझा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तुझा हात वाट्यांवर थांबला, हे मी पाहिलं. तू एकीवर नेलास, काढून घेतलास, आणि मग दुसरी दाखवलीस. तिच्या बुडाला तीन दोरे होते. आणि तेवढी एक वाटी मी उलटून सगळ्यांना दाखवली.

"हिचं नाक मेलं," असं मी म्हणालो. तुझ्या डोळ्यांवरचा टॉवेल अजून सुटायचा होता.

तू बरोबर होतीस. दोन्ही वेळा. तिसऱ्या वेळी जे चुकलं ते तुझं नाक नव्हतं. ते मी मोडलं होतं.

का केलं, विचारशील. आजोबांना मी कढईवरून बाजूला केलं, त्यानंतर ते सहा वर्षं जगले. तू लहान होतीस. ते कोपऱ्यात बसून बाटल्यांना बुचं लावायचे, आणि भाजणी उतरली की मान वर करून आमच्याकडे बघायचे, कुणी विचारतंय का म्हणून. आम्ही विचारत नसू, कामाच्या घाईत. मला तिथे बसायचं नव्हतं. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

त्यानंतर सहा मोसम मी भट्टीमामाच्या तोंडाकडे बघून कढई उतरवत आलो. नेमका वास आला की त्याच्या नाकपुड्या फुगतात. त्या फुगल्या की मी "उतरवा" म्हणायचो. आता फडकं आलं. म्हणून तुझ्या ताईंना तेल जळकं लागलं. उन्हाचा आणि बियांचा काही दोष नाही.

आईला कळलं होतं. त्याच दिवशी. वाट्या घासायला नेल्या आणि पदराला हात पुसत परत आली. म्हणाली, "तिसरीच वाटी का उलटी करून दाखवलीत? पहिल्या दोन का नाही?" तू तेव्हा वर सामान भरत होतीस. पुढे तिच्या आजारपणात मी म्हटलं, तूच सांग तिला. ती म्हणाली, "मी सांगितलं तर तुमची सुटका होईल. तुम्हीच सांगा." सांगितलं नाही. तिच्या शेवटच्या दोन महिन्यांत तिने मला चहासुद्धा मागितला नाही, शेजारणीला सांगायची.

माफी मागायला शब्द आहेत माझ्याकडे, ढीगभर आहेत, तेच तर मी आयुष्यभर गोळा केले. म्हणून ते वापरत नाही.

अण्णा


१४ एप्रिल

खारूताई,

तुझं पत्र आलं. पहिल्यांदाच पत्र, तक्ता नाही. पाच पानं. तिसरं पान मी दिवसातून एकदा वाचतो.

तू लिहिलंस, सहा वर्षं तू दूध तापवण्याआधी जावईबापूंना हुंगायला देतेस. ते घरी नसले की चांगलं दूध ओतून टाकतेस. मुलीच्या अंगाला बाळाचा वास येतो असं लोक म्हणायचे, तो तुला यायचा, पण तू स्वतःला सांगायचीस की हा भास आहे, आपण ऐकलं म्हणून आपल्याला वाटतं. आणि मागच्या डिसेंबरात स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. तू थांबलीस. हुंगलंस. आणि मनात म्हणालीस, माझं नाक चालत नाही. मुलगी आत खेळत होती. समोरच्या बाई दार ठोठावत आल्या म्हणून.

"म्हणून" पाशी तू वाक्य सोडून दिलंस.

मी आपल्या नातीला पाहिलेलं नाही. तिचं वय मला आत्याने सांगितलं. तिच्या बाबतीत माझ्या हातून एवढं मोठं काही होता होता राहिलं, आणि तिला मी कुठे राहतो हेसुद्धा ठाऊक नाही.

तू शेवटी लिहिलंस, "सगळ्यांसमोर म्हणालात ते मला एकटीला पत्रात लिहून फिरत नाही." बरोबर आहे. म्हणून परवा मी सांगितलं.

जेवणाच्या सुटीत भट्टीमामा आणि बुटकेकाका बाकावर बसले होते. माल न्यायला आलेला दुकानदारही होता, त्याला थांबवून घेतलं. उभा राहिलो. वर्गात कविता म्हणायला उभा राहायचो तसा, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. म्हणालो, "मला सात वर्षं वास येत नाही."

भट्टीमामाने डबा बंद केला. म्हणाला, "मालक, मग मी काय उगाच नाकपुड्या फुगवत होतो?"

मला कळेना. तो म्हणाला, "दुसऱ्याच मोसमात ध्यानात आलं माझ्या. तुम्ही कढईकडे बघतच नव्हता, माझ्या थोबाडाकडे बघत होता. म्हटलं, म्हाताऱ्याची अब्रू राहू दे. मुद्दाम फुगवायचो. घरी बायको हसायची, आरशासमोर काय बैलासारखं करता म्हणून."

बुटकेकाका हसला. मलाही हसू आलं असतं. पण अर्धंच सांगून झालं होतं. मग वाट्यांचं सांगितलं. पहिली, दुसरी, तिसरी. दोरे किती होते ते.

भट्टीमामाने नाकावरचं फडकं सोडलं, घडी केली, खिशात ठेवलं. म्हणाला, "म्हणजे पोर बरोबर होती?"

"दोन्ही वेळा," मी म्हटलं.

"मी तिला म्हणालो होतो मालक, जाताना. फाटकापाशी. म्हणालो, होतं असं, सगळ्यांचीच नाकं टिकत नाहीत. समजूत घातली हो मी तिची!" एवढं बोलून तो उठला. बुटकेकाकाने "अरे म्हाताऱ्या, डबा" म्हणून हाक मारली, तरी तो मागे न बघता गेला. दोन दिवस झाले, आलेला नाही. भट्टी बंद आहे.

दुकानदार उभा होता. चष्मा पुसत होता. म्हणाला, "आजोबा, मग ते पत्रक?" मी म्हटलं, "पौष्टिक भाग छाप. तो खरा आहे, माझ्या मुलीने लिहिला आहे. दुसरा भाग राहू दे." त्याने आधी नेलेल्या बाटल्या मी परत आणल्या.

तुला ये म्हणत नाही. घाणा तुझ्या नावावर करतो, असलंही काही लिहीत नाही, ते लाच दिल्यासारखं होईल. फक्त झालं ते कळवलं.

अण्णा


३ मे

खारूताई,

काल तू जे केलंस ते तुला माहीतच आहे. तू गेल्यावर काय झालं तेवढं लिहावं, असं वाटलं.

पण थोडं आधीपासून लिहितो, कारण मला ते एकदा कागदावर हवं आहे. अकरा वाजता तू फाटकातून आत आलीस, मागे भट्टीमामा. तू आधी त्याच्या घरी गेली होतीस, हे मला नंतर कळलं. माझ्याकडे बघून मान हलवलीस, अनोळखी माणसाला वाट मागताना हलवतात तशी. केस राखाडी झालेत तुझे कानांपाशी. एप्रन बांधलास. गोळा स्वतः मळलास, मीठ चाखून बघितलंस, भट्टीमामाला म्हणालीस, "मामा, जाळ कमी. अजून कमी."

मी दाराच्या चौकटीत होतो. आत यायचं धाडस झालं नाही.

तू कढईवर वाकली नाहीस, पूर्वी वाकायचीस. ताठ उभी होतीस, हात छातीशी घट्ट बांधून. तासाभराने तुझी मान जराशी वर गेली. मग खाली आली. मग चेहरा असा झाला, की कुणीतरी अंधाऱ्या खोलीतून हाक मारली आणि ओ द्यावी की नाही हे तुला ठरवता येत नाही. पाच-सहा श्वास तू तशीच होतीस. मला ओरडावंसं वाटलं, की आहे ते खरं आहे, म्हण! पण मला तरी काय ठाऊक होतं?

"उतरवा," तू म्हणालीस. अगदी हळू.

भट्टीमामा आणि बुटकेकाका, दोघांनीही सवयीने माझ्याकडे बघितलं. मी खाली जमिनीकडे बघितलं. मग त्यांनी उतरवली.

तेल गळायला लागलं तेव्हा तू थांबली नाहीस. हात धुतलेस. बुटकेकाका म्हणाला, "ताई, चव तरी बघ." तू म्हणालीस, "नको. मला कळलं." मग त्याने विचारलं, "पुन्हा कधी?" तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. माझ्या जवळून जाताना थांबलीस. मला वाटलं, बोलशील. तू म्हणालीस, "डॉक्टरला दाखवा. आणि घरात गॅस असेल तर एकटे राहू नका." बस्स.

आता तू गेल्यानंतरचं. दोघांनी पाव आणला. गरम तेलात बुडवून खाल्ला. भट्टीमामाने पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा तुकडा बुडवला. बुटकेकाका म्हणाला, "अरे म्हाताऱ्या, हे..." दोघंही भिंतीकडे तोंड करून खात होते. किती वेळ ते मला माहीत नाही. मी त्यांना विचारलं नाही, कसं झालंय म्हणून. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग मी ते छान शब्दांत लिहून काढलं असतं.

ते गेल्यावर मी एक तुकडा बुडवला आणि तोंडात ठेवला. डोळे मिटले नाहीत. चावून चावून गिळला.

जिभेला नुसतं ऊन-ऊन लागलं.

अण्णा